गरोदरपणात फ्लूची लस? “उगाच धोका कशाला!”

दर पावसाळ्याच्या तोंडावर हे वाक्य ऐकू येतं. “डॉक्टर, पोटात बाळ आहे, आत्ता लस नको.” काळजीपोटी बोलणाऱ्या आईवर माझा राग नाही. राग आहे तो “बाळंतपण झाल्यावर बघू” या सल्ल्यावर, मग तो शेजारणीचा असो, व्हॉट्सअ‍ॅपचा असो की डॉक्टरचा.

लसीचा धोका तुम्ही मोजता, फ्लूचा मोजता का? गरोदरपणात हृदयावर आणि फुप्फुसांवर आधीच ताण असतो, प्रतिकारशक्तीही बदललेली असते. त्यामुळे इतरांना आठवड्यात बरा होणारा फ्लू गरोदर बाईला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. २००९च्या स्वाइन फ्लूत भारतातला पहिला मृत्यू पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा होता, आणि जगभर त्या साथीत गरोदर स्त्रियांचे हाल जास्त झाले. म्हणूनच २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत पहिला क्रम दिला.

आता आक्षेपांकडे वळू.

“लसीनेच फ्लू होतो.” इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. हात दुखेल, एक-दोन दिवस कणकण वाटेल, इतकंच. नाकातल्या फवाऱ्याच्या लसीत मात्र जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. ती गरोदरपणात देत नाहीत.

“लसीत पारा असतो.” अनेक डोसांच्या काही बाटल्यांत थायोमर्सल अगदी कमी प्रमाणात असतं. ते शरीरातून लवकर बाहेर पडतं आणि ऑटिझमशी त्याचा संबंध आढळलेला नाही.

“पूर्वी लसींनी त्रास झालाय.” झालाय, लपवायचं काय त्यात? १९७६मध्ये अमेरिकेत सुमारे लाखात एकाला गीयाँ-बारे हा नसांचा आजार झाला आणि मोहीम थांबवली गेली. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियात एका कंपनीच्या लसीने लहान मुलांना तापाचे झटके आले, तेव्हा त्या वयाला ती लस देणं बंद केलं. लक्ष ठेवलं जातं म्हणूनच हे कळलं. आजच्या लसीने गीयाँ-बारेचा धोका वाढलाच, तर दहा लाखांत एक-दोन इतका.

लस शंभर टक्के संरक्षण देत नाही, हेही खरं. विषाणूशी चांगली जुळली, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. पण सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला मिळणारं संरक्षण आईच्या रक्तातून, वारेवाटे येतं. “बाळंतपण झाल्यावर बघू” म्हणणारे नेमकं हेच त्याच्यापासून काढून घेतात.

मग करायचं काय? गरोदर असाल तर एक डोस. मूल सहा महिन्यांचं झालं की पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी एक, शक्यतो पावसाळ्याआधी. आधीच्या डोसने गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल तर घेऊ नका. जोराचा ताप असेल तर थोडं थांबा. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांसाठी सरकारी दवाखान्यांत मोफत लसीची योजना आहे. साठा आहे का, ते विचारा.

पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना स्वतःहून विचारा, “माझी फ्लूची लस कधी?” “नंतर बघू” असं उत्तर मिळालं, तर “का?” हेही विचारा.