यंदा निघणारच!

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. टेबलासमोर एक कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर ठळक अक्षरांत स्वतःचं नाव आणि त्याखाली 'उपजिल्हाधिकारी' किंवा 'डीवायएसपी'. शेजारी कुणाच्या तरी सत्काराचं कात्रण. ही मुलं-मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी लातूर, बीड, जळगाव, गडचिरोलीहून आलेली असतात. मेसचा डबा दोघांत वाटून खातात, घरून आलेले पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवतात. त्यांच्या इच्छेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. इतकी वर्षं तग धरायला मनाला उभारी लागतेच, म्हणून तो कागदही मला खटकत नाही.

खटकते ती उभारीच्या नावाखाली व्याख्यानांतून आणि रिल्समधून दिली जाणारी शिकवण. डोळे मिटा, पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली आहे असं समजा, गावातली मिरवणूक डोळ्यांसमोर आणा, मनात नकारात्मक काही येऊच देऊ नका. ऐकताना अंगात बळ आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्याने बळ कमी होतं, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

गॅब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ अशा स्वप्नरंजनाने काय होतं, याचाच कित्येक वर्षं अभ्यास करत आहेत. 1991 साली त्यांनी थॉमस वॉडन यांच्यासोबत वजन कमी करण्याच्या उपचारात सहभागी झालेल्या 25 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या होत्या. आपल्याला हे जमेल असं किती वाटतं, ही एक. आणि सडपातळ झाल्याची चित्रं मनात किती गोड रंगतात, ही दुसरी. जमेल असा भरवसा असलेल्या स्त्रियांचं वजन जास्त उतरलं. पण ज्यांची स्वप्नचित्रं सर्वांत गोड होती, त्यांचं कमी उतरलं. पुढे जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांमध्येही तेच दिसलं. नोकरी लागल्याच्या कल्पनेत जे जास्त रमले, त्यांनी अर्ज कमी केले आणि त्यांच्या हाती नोकरीचे प्रस्तावही कमी आले. 2011 साली ओटिंगेन आणि हेदर कॅपेस यांनी याचं कारण शरीरात शोधलं. इच्छा पूर्ण झाल्याचं चित्र रंगवताना वरचा रक्तदाब उतरतो, म्हणजे कामाला लागण्यासाठीची शरीराची सज्जताच ओसरते. मिरवणूक मनातल्या मनात निघून गेली की मन निवांत होतं. मग भूगोलाचं पुस्तक उघडणार कोण?

भरवसा आणि स्वप्नरंजन यांतला हा फरक आपल्या मातीत फार पूर्वी कुणीतरी जगून दाखवला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत घडलेला हा मल्ल तिथे मॅटवर उतरला. नियम वेगळे, पकडी वेगळ्या. फ्लायवेट गटात ते सहावे आले. तेवढ्यावरही गावाने डोक्यावर घेतलं असतं. खाशाबांनी मात्र आपण कुठे कमी पडलो ते नीट पाहिलं. मॅटवरच्या कुस्तीची तयारी केली आणि चार वर्षांनी वरच्या, बँटमवेट गटात उतरले.

अडचण पैशांचीही होती. गावकऱ्यांनी आणि दुकानदारांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. तुझं होणारच, असं म्हणून ते थांबले नाहीत. विद्यार्थ्याची वाट नेमकी कुठे अडली आहे हे त्यांनी ओळखलं आणि तिथे स्वतःचं घर लावलं. 1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला असं पदक मिळायला 2024 उजाडलं. पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ते नेमबाजीत जिंकलं. अंतिम फेरीच्या पहिल्या टप्प्यानंतर तो पहिल्या तिघांतही नव्हता.

आता पेठेतल्या टेबलाकडे परत येऊ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. पर्याय निवडायची सवय लागलेल्या हाताला आता तीन तास सलग लिहायचं आहे. 'आपण पॉझिटिव्ह राहू, होईल सगळं', असं म्हणून ही अडचण हटत नाही. 'माझं उत्तर शंभर शब्दांनंतर भरकटतं', हे वाक्य वहीत लिहिणारी मुलगी माझ्या मते जास्त आशावादी आहे. कारण हे बदलता येईल असं वाटल्याशिवाय कुणी ते लिहीत नाही. ओटिंगेन यांची पद्धतही हीच आहे: आधी हवं ते मनात आणायचं, लगेच आपल्यातला आतला अडसर शोधायचा आणि तो समोर आला तर काय करायचं हे आधीच ठरवायचं. दुपारी जेवण झाल्यावर हात मोबाईलकडे गेला, तर फोन बाहेर कपाटात ठेवून एक उत्तर लिहायचं. इतकं साधं, इतकं नेमकं.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे, तो बोलायला अवघड आहे. अडसर प्रामाणिकपणे पाहिला की कधी कधी लक्षात येतं, ही वाट आपली नाही. हजारो उमेदवार आणि मोजक्या जागा असतील, तर पुष्कळ गुणी मुलांची पोस्ट निघणार नाही, हा हिशेब आहे. दुसऱ्या नोकरीची चाचपणी करणाऱ्याला मित्र 'निगेटिव्ह झालास' म्हणतात, तेव्हा ते त्याच्यावर अन्याय करतात. त्याने आपल्या आयुष्याबद्दलची आशा सोडलेली नाही.

आई-वडिलांना माझी एक कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारी मुलाला किंवा मुलीला फोन कराल, तेव्हा 'या वेळी निघेल ना?' असं विचारू नका. 'कुठे अडतंय?' असं विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.