आभार मानू नका!

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं या अंकातलं एक जोडपं ब्युनोस आयरिसला मुक्काम टाकतं. रविवारी तिथल्या सान तेल्मो भागात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, भर चौकात टँगो रंगतो. २००९ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेलेलं हे नृत्य तिथे अजून रस्त्यावर भेटतं.

पण आम्हाला भावला तो ‘माते’चा प्रसंग. वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात कडवट पाल्याचा गरम काढा, धातूची एकच नळी, आणि प्यायचं आळीपाळीनं सगळ्यांनी. आपलं उष्ट्या-खरकट्याचं शास्त्र इथे गुंडाळून ठेवायचं. पहिल्याच फेरीला दोघं ‘ग्रासियास’ म्हणाली आणि भांडं पुन्हा त्यांच्याकडे फिरकलंच नाही. तिथे आभार म्हणजे ‘आता पुरे’! दुसऱ्या दिवशी ती दोघं गप्प राहिली आणि घरचीच झाली.

– संपादक