केसपेपरच्या खिडकीवर

गेल्या सोमवारी देवणीच्या टापूतील एका शासकीय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढे मी तासभर उभा होतो. माझ्यापुढे कर्नाटकाच्या हद्दीतील खेड्यातून आलेली एक वृद्धा होती. तिने नाव सांगितले, गाव सांगितले आणि जन्मतारीख विचारताच ती गप्प झाली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ‘१ जून’ लिहून मोकळे केलेल्या पिढ्यांचा हा मुलूख. ही तर शाळेची पायरीही चढलेली नव्हती. तो रकाना रिकामा ठेवला तर पडदा पुढे सरकेना, म्हणून खिडकीमागच्या मुलीने अंदाजे वयावरून वजाबाकी करून एक तारीख बेतून घातली. मग ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकासाठी ओटीपी गेला, तो आधारला जोडलेल्या फोनवर, आणि तो फोन पुण्यात कामावर असलेल्या मुलाच्या खिशात.

“आज्जी, पोराला फोन लावा.”

“लागंना की बाई, कामावर असंल त्यो.”

रांग दारापर्यंत गेली. अखेर त्या मुलीने चिठोऱ्यावर हाताने नाव लिहून आज्जीला डॉक्टरांकडे धाडले, आणि ओपीडी आटोपल्यावर तीच नोंद संगणकात चढवायला ती पुन्हा बसली.

त्या मुलीला दोष देण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्या यंत्रणेवर तिने दिवसभर राबायचे, ती सोयीची आहे की जाचक, हे तिला आजवर कुणीही विचारलेले नाही, हे मात्र मला अक्षम्य वाटते. निजामी अमदानीत, हा मुलूख बीदर जिल्ह्यात असताना, कचेरीचे दफ्तर उर्दूत चाले आणि मराठी-कानडी बोलणाऱ्या रयतेला आपलाच अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे. आज पडद्यावरील इंग्रजी रकान्यांपुढे आज्जीची आणि त्या मुलीचीही तीच अवस्था आहे.

वास्तविक, यंत्रणा वापरणाऱ्याचे समाधान मोजता येते. आंतरराष्ट्रीय मानकाने १९९८ सालीच उपयोगसुलभतेच्या व्याख्येत परिणामकारकता व कार्यक्षमता यांच्या जोडीला वापरणाऱ्याचे समाधान बसवले; त्याआधी, १९८६ मध्ये, जॉन ब्रूक यांनी ही सुलभता मोजण्यासाठी दहा विधानांची एक साधी प्रश्नावली रचली होती, जिच्यात शंभरपैकी सुमारे ६८ गुण सरासरी समजले जातात. अमेरिकेतील ८७० डॉक्टरांपुढे तीच प्रश्नावली ठेवली तेव्हा त्यांनी आपल्या संगणकीय रुग्णनोंदींना सरासरी ४५.९ गुण दिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे २०२२ च्या जुलैत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील रुग्णनोंदींची जुनी संगणक प्रणाली बंद पडून केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले, तेव्हा चर्चा झाली ती कंत्राटाची आणि देयकांची. कळफलकावर बसणाऱ्यांचे मत कुणी घेतल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच, की ती दहा विधाने मराठीत आणि या सीमाभागापुरती कानडीतही करून सिस्टर, आशाताई आणि खिडकीवरचे कर्मचारी यांच्यापुढे ठेवावीत, आणि त्यांचा कौल हाती आल्यावाचून कोणत्याही नव्या प्रणालीच्या शेवटच्या हप्त्याला मंजुरी देऊ नये. दिवसा नोंदवहीत लिहिलेली लसीकरणाची प्रत्येक ओळ रात्री घरी बसून मोबाइलमध्ये पुन्हा भरणाऱ्या सिस्टरचा अभिप्राय कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाहून मी अधिक मोलाचा मानतो.

निघताना मी त्या मुलीला विचारले, यातले एकच काही बदलता आले तर काय बदलशील? तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “नुसतं वय लिहू द्या, सर. खोटी तारीख टाकताना हात अडखळतो.”

— सीमावासी