विद्वान मंत्री
साताऱ्यातल्या पुसेसावळीत २०२३ च्या सप्टेंबरात जी हिंदू-मुस्लिम दंगल झाली, त्याआधी २००९ च्या गणेशोत्सवात मिरज-सांगलीत जी पेटली, त्यानंतर मला डॉ. रफिक झकेरिया पुन्हा वाचावेसे वाटले. १९२० मध्ये नालासोपाऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने लंडन विद्यापीठात डॉक्टरेट केली, तीही हिंदी मुसलमानांच्या राजकारणाच्या जडणघडणीवर. फाळणीने जिवलग माणसं सीमेपलीकडे गेली, तेव्हा झकेरिया मात्र इथेच राहिले, आणि अभ्यासिकेत न बसता निवडणुकीला उभे राहिले. १९६२ मध्ये ते काँग्रेसतर्फे औरंगाबादेतून आमदार झाले. १९४८ मध्ये तिथली निजामाची राजवट संपली होती, पण त्या राजवटीच्या रझाकारांच्या आठवणी अजून ताज्या होत्या. अशा गावात मुंबईहून आलेल्या मुसलमान उमेदवाराने मतं मागणं हे मोठं धाडस होतं. सोलापूर-साताऱ्याच्या आजच्या कुठल्या पक्षात ते धाडस आहे? देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांनी घडवलेल्या महाराष्ट्रात झकेरिया मंत्री झाले आणि औरंगाबादेत त्यांनी मौलाना आझादांच्या नावाने शिक्षणसंस्था उभारली. मला त्यांचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण भाषणं विरतात, पण वसतिगृहात राहून शिकलेली मुलगी घर बदलते. पुस्तकं ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. जीनांना फाळणीसाठी जबाबदार धरणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००१ मध्ये आला, आणि गुजरातच्या दंगलींनंतर लगेच दुसरा, बहुसंख्याकांना प्रश्न विचारणारा. दोन्हीकडच्यांना खटकणारं लिहिण्याची किंमत त्यांनी २००५ मध्ये जाईपर्यंत मोजली. मिरजेच्या वाचनालयांनी ही दोन्ही पुस्तकं मागवावीत, तरुणांसमोर ठेवावीत.