आपल्याच घरचं पिल्लू!

भाताची लावणी उरकली की आमच्या घोटावड्यात दोन-चार दिवस घराला जरा उसंत मिळते. बाहेर पावसाची रिपरिप चालू असते. माणसे चिखलाचे पाय धुऊन ओटीवर टेकतात आणि मग घरातल्या मुक्या मंडळींकडे लक्ष जाते.

यंदा आमच्या मनीने कणगीमागे चार पिल्ले घातली. पाचव्या दिवशी एकेकाला मानेला धरून तिने माळ्यावर नेले. तिथून शेजारच्या पडवीत आणि तिथून आमच्या गोठ्यात. धाकटीने विचारले, "आई, मांजर सात घरं का फिरवते गं?"

मायबहिणींनो, मांजरीला काही सात मोजता येत नाहीत. एका जागी राहिले की पिल्लांचा वास साचतो. त्या वासावर बोका येतो, कुत्रे येते. पोरे सारखी डोकावू लागली तरी तिला धोका वाटतो. पिल्लांचे डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर त्यांना पळता येत नाही. म्हणून ही तिची धावपळ. अंधाऱ्या कोपऱ्यात जुने पटकूर घातलेले खोके ठेवावे आणि कुणी हात लावू नये, म्हणजे तिची फिरती पुष्कळ कमी होते.

हे मला शिकवले आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत, पण त्यांची नजर मोठी बारीक. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की सातव्या-आठव्या दिवशी रात्री त्या एकेक अंडे कंदिलासमोर धरायच्या. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर अंडे भरले, नुसता उजेड दिसला तर वांझ. आता थोरला मोबाइलच्या बॅटरीवर अंडी बघतो, एवढाच फरक. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडणार, हा हिशोब काही बदललेला नाही.

पाल दुधात पडली तेव्हाही आत्याबाईंनी दूध फेकायला लावले. "इखारी हाय," म्हणाल्या. घरातल्या पालीला विष नसते, पण तिच्या अंगावर आणि विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असतात. कारण चुकले तरी दूध फेकले हे बरेच झाले.

असे सगळे पाहून पाहून शिकलेले. पण नुसत्या पाहण्याने कळत नाही अशीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांमागे ती आमच्याच ओटीवर घडली.

थोरल्याने बांधावरून एक कुत्र्याचे पिल्लू उचलून आणले होते. दोन-अडीच महिन्यांचे असेल. गुटगुटीत, पाठीवर काळा ठिपका. पंधरा दिवसांत सगळ्यांचे लाडके झाले. एका सकाळी धाकटी त्याला भाकरी भरवत होती, तर त्याने बोटाला दात लावला. बारीकसा ओरखडा, रक्ताचा एक थेंब. पोर रडलीसुद्धा नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याच घरचं पिल्लू हाय. काय हुतंय त्याला? मिरची वाटून लाव वाईच."

मी म्हटले, "आत्याबाई, दवाखान्यात नेते."

"आणि त्या चौदा सुया पोटात टोचून घ्यायच्या व्हय लेकराला? एवढ्याशा वरखड्यापायी?"

त्यांचे भय खोटे नव्हते. त्यांच्या माहेरी एकाने त्या सुया घेतलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस पोटात टोचत असत आणि तिचा त्रासही होई. आपल्या देशात ती २००५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडाला देतात. सुया चार किंवा पाच लागतात. पहिली सुई घेतली तो शून्य दिवस धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणच्या पद्धतीत चौदाव्या दिवशीही एक असते. हे मला महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्यसेविकेने सांगितले होते म्हणून ठाऊक.

मी पोरीला मोरीत नेले. अंगाचा साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धरले ते चांगली पंधरा मिनिटे. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही, पट्टीही नाही. मग हे तिला गाडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. रक्त आले होते म्हणून डॉक्टरांनी जखमेभोवती एक औषध टोचले आणि दंडाला लसीची पहिली सुई दिली. पिल्लाला दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा आणि पिल्लू बरे दिसले म्हणून सुया थांबवू नका, असे बजावून सांगितले.

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पिल्लू तर शेपूट हलवत होते!

चौथ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावले नाही. उजेड सोडून कणगीमागे जाऊन बसले. पाचव्या दिवशी जवळ जाईल त्याच्या अंगावर धावू लागले. तोंडातून लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. सहाव्या दिवशी मेले. डॉक्टर म्हणाले, पिसाळलेच असणार. मग त्याला कुरवाळणारे, त्याची लाळ लागलेले आम्ही सगळेच सुया घेऊन आलो, आत्याबाईसुद्धा.

हा रोग लाळेतून येतो आणि लाळेकडे पाहून काही कळत नाही. कुत्रे चांगले दिसत असले तरी आजार दिसायच्या आधी काही दिवस त्याच्या लाळेत विष उतरलेले असू शकते. जखमेतून ते मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकते. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. लस वेळेवर घेतली तर ती त्याच्या आधी पोचते. याच हिशोबावर लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली सुई दिली आणि तो मुलगा जगला. पण लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा हाती लागत नाही. आजही नाही.

गोठ्याचेही ध्यानात ठेवा. पिसाळलेले कुत्रे गाई-म्हशीला चावले तर जनावरही पिसाळते. लाळ गळते, गिळता येत नाही, आणि आपल्याला वाटते घशात काही अडकले. अशा वेळी तोंडात हात घालू नका. आधी पशुवैद्यांना बोलवा.

कुत्रे पाळा, मांजर पाळा. त्यांच्यावाचून घराला घरपण नाही. पण पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस टोचा आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी अशी शिबिरे भरतात, तेव्हा चौकशी करून ठेवा.

पोरीच्या सुयांच्या तारखांवर मी कॅलेंडरात गोल केले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी कापणीची घाई होती, मी विसरलेच होते. सकाळी चुलीपाशी होते तोच आत्याबाई पोरीची वेणी घालून दारात उभ्या.

"आज शेवटची सुई हाय न्हवं? भाकरी ऱ्हाऊ दे. मी थापते. तू आधी निघ."

आता आमच्या ओटीवर दुसरे पिल्लू आहे. त्याच्या लसीची तारीख आत्याबाईंना तोंडपाठ आहे.