मुलांच्या वर्गासाठी माणसं कशी मागावीत

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या चर्चांमधून रविवारच्या उपासनेत एक सूचना हमखास ऐकू येते : मुलांच्या वर्गांना स्वयंसेवक कमी पडत आहेत, ज्यांना जमेल त्यांनी नावं द्यावीत. आपल्या इथल्या मराठी मंडळातही गणपतीची आरती झाली की मराठी शाळेसाठी याच धर्तीचं आवाहन होतं. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. इथे पेनसिल्व्हेनियात आमच्या चर्चच्या मुलांच्या विभागासाठी माणसं जमवण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि माझी मुलगी मंडळाच्या मराठी शाळेत शिकते. दोन्हीकडचं पाहून माझं मत पक्कं झालं आहे. मुलांच्या कामासाठी अशी जाहीर आवाहनं करणं आपण थांबवावं.

भरल्या सभागृहात केलेली विनंती कुणा एकाला केलेली नसते. ऐकणाऱ्याला वाटतं, ज्यांची मुलं त्या वर्गात आहेत ते बघतील. पालकांना वाटतं, ज्यांची मुलं मोठी झाली त्यांना वेळ असेल. शेवटी जी व्यक्ती हात वर करते ती बहुधा आधीच स्वयंपाकघर आणि नाताळचा कार्यक्रम सांभाळत असते आणि मार्चपर्यंत थकून जाते. कधी कधी हात वर करणाऱ्याला आपल्यापैकी कुणीच नीट ओळखत नसतं. मुलांच्या बाबतीत ही दुसरी शक्यता अधिक काळजीची आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

लहानपणी गावी आम्हाला शब्बाथ शाळेला, म्हणजे संडे स्कूलला, शिक्षक शोधावे लागल्याचं आठवत नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला काम सुरू केलं आणि पुढे खेडोपाडी शाळा काढल्या. मिशनच्या शाळेचा मास्तर पुष्कळ ठिकाणी रविवारी उपासनाही चालवायचा. ती परंपरा आमच्या पिढीपर्यंत पोचली होती. मंडळीतली निम्मी माणसं शिक्षक, त्यांच्या घरातल्या सुनाही शिक्षिका. पाळकसाहेबांनी नजर फिरवली की वर्ग उभा राहायचा. इथल्या चर्चमध्ये नर्सेस आहेत, ट्रकचालक आहेत, संगणकावर काम करणारे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी वीस मुलांसमोर उभं राहून गोष्ट सांगितलेली नाही. ते मागे राहतात यामागे अनास्था कमी आणि धास्ती जास्त असते, आणि धास्ती घालवायला माणसाशी समोरासमोर बोलावं लागतं.

ज्या रॉबर्ट रेक्सच्या नावाने संडे स्कूलची चळवळ ओळखली जाते, त्याने 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात वर्ग काढले. आठवडाभर कामावर राबणाऱ्या मुलांना रविवारीच सुटी असे, म्हणून रविवार. त्या पहिल्या वर्गांतल्या बाईंना दिवसाचा एक शिलिंग मेहनताना मिळायचा. विनामोबदला शिकवण्याची रीत नंतर रुळली. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. हे काम मोलाचं आहे हे सुरुवातीलाच मानलं गेलं होतं, आणि आज ते फुकट मागताना मागणाऱ्याने त्याचं मोल विसरता कामा नये.

तर मग मागायचं कसं? एका माणसाकडे जाऊन, एक नेमकं काम घेऊन. आमच्याकडे बोलणं साधारण असं होतं : “काका, ऑक्टोबर ते नाताळ, एक रविवार सोडून एक, साडेनऊ ते पावणेअकरा. चौथी-पाचवीचा वर्ग. धडा ताई घेतील. तुम्ही दारापाशी हजेरी घ्यायची, पालकांचा पास बघून मूल सोडायचं, आणि बायबलमधलं सुवर्णवचन पाठ करणाऱ्या मुलांकडून ते म्हणून घ्यायचं. नाताळनंतर तुमची सुटी. पुढे यायचं की नाही ते तेव्हा ठरवा.” यात वेळ आहे, काम आहे, सोबत कोण ते आहे आणि शेवटची तारीख आहे. ही तारीख फार कामाची. “थोडी मदत कराल का?” या प्रश्नाला हो म्हणणारा माणूस घाबरतो, कारण त्या मदतीचा शेवट त्याला दिसत नाही. मुलांच्या विभागात एकदा अडकलं की मूल कॉलेजला जाईपर्यंत सुटका नाही, असा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो.

कुणाकडे जायचं हेही आधी ठरवावं लागतं. कोण माणूस उपासनेनंतर मुलांशी वाकून बोलतो, कुणाला मुलांची नावं लक्षात राहतात, कोण शांत आहे पण वेळेवर येतो. उत्साही वक्त्यापेक्षा वेळेवर येणारा माणूस वर्गाला जास्त उपयोगी. पुरुषांकडे तर आपण जातच नाही. चर्च असो की मंडळ, मुलांचं काम म्हटलं की विनंती बायकांकडे वळते आणि वडील गाडी पार्क करून कॉफी घेत उभे राहतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं एवढंच. विचारलं तर त्यांतले कित्येक येतात, आणि वर्गातल्या मुलग्यांच्या वागण्यात फरक पडतो.

चर्चची एक खास अडचण आहे. मुलांचे वर्ग बहुतेक ठिकाणी मुख्य उपासनेच्या वेळीच चालतात. म्हणजे जो मुलांना शिकवतो त्याचं प्रवचन चुकतं, गायन चुकतं, महिन्याचं प्रभुभोजनही चुकतं. सलग दोन वर्षं असं झालं की माणूस चर्चमध्ये असूनही मंडळीपासून तुटतो. म्हणून एक रविवार सोडून एक, किंवा दोन उपासना असतील तिथे एकीत सेवा आणि दुसरीत बसणं, ही सवलत म्हणून देऊ नये, नियम म्हणून लावावी. मराठी शाळेच्या शिक्षिकांचंही हेच आहे. त्यांचा शनिवार-रविवार संपतो, घरच्या मुलाचा सामना बुडतो, आणि सत्कार वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात होतो.

देवाचं नाव घेऊन माणसाला अपराधी वाटायला लावणं मला मान्य नाही. मी श्रद्धाळू आहे, सेवा ही देवाने दिलेली संधी आहे असं मनापासून मानतो, आणि म्हणूनच तिचा दबावासाठी वापर झाला की वाईट वाटतं. मंडळात हीच गोष्ट संस्कृतीच्या नावाने होते : “तुम्ही नाही आलात तर मुलांना मराठी कोण शिकवणार?” अशा बोलण्याने आलेला माणूस मनातल्या मनात दिवस मोजत असतो, आणि ते मुलांना लगेच कळतं. नकार देणाऱ्याला मोकळेपणाने नकार देता यावा. पुढच्या वर्षी तोच माणूस स्वतःहून विचारतो, हे मी पाहिलं आहे.

आता सुरक्षेबद्दल. माणसं कमी असतात तेव्हाच नियम वाकतात आणि तेव्हाच धोका असतो. 2002 मध्ये बॉस्टनमधल्या धर्मगुरूंची बालशोषणाची प्रकरणं उघड झाल्यावर अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी त्याच वर्षी डॅलस इथे मुलांच्या संरक्षणाची सनद स्वीकारली. युनायटेड मेथडिस्ट चर्चने तर 1996 मध्येच या दिशेने ठराव केला होता. आमच्या राज्याला 2011 मध्ये हादरा बसला. पेन स्टेट विद्यापीठाचा माजी फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्की याने अनेक मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं बाहेर आलं, आणि 2012 मध्ये तो 45 आरोपांत दोषी ठरला. ज्या मुलांना त्याने लक्ष्य केलं ती त्याला भेटली होती त्याने स्वतःच गरजू मुलांसाठी स्थापन केलेल्या संस्थेतून. गावात त्याचं नाव आदराने घेतलं जायचं.

त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदे बदलले. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला राज्य पोलिसांचं आणि बालशोषण नोंदींचं अशी दोन प्रमाणपत्रं लागतात. गेली सलग 10 वर्षं राज्यात राहत नसेल तर एफबीआयकडे बोटांचे ठसेही द्यावे लागतात. आपल्यातले बरेच जण न्यू जर्सीहून किंवा टेक्ससहून आलेले असल्याने ठसे चुकत नाहीत. पहिली दोन प्रमाणपत्रं स्वयंसेवकांना विनामूल्य मिळतात आणि दर पाच वर्षांनी ती नव्याने काढायची असतात. शैक्षणिक उपक्रम कायद्याच्या कक्षेत येतात. म्हणजे मंडळाची मराठी शाळाही येते.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे : आपल्यातलाच माणूस, त्याची काय चौकशी करायची, आणि एवढे कागद मागितले तर येणारेही येणार नाहीत. मला हे दोन्ही पटत नाही. आपल्यातला माणूस म्हणून सोडणं हीच ती फट आहे. सगळ्यांची चौकशी होते, पाळकांची आणि अध्यक्षांचीही होते, तेव्हा कुणाचाच अपमान होत नाही. आणि कागदांमुळे माणसं पळतात हा समज माझ्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. तरुण आईवडील आधी विचारतात की तुमच्याकडे नियम काय आहेत, आणि नियम कडक आहेत असं कळलं की तेच नाव देतात.

कागदांवर संपूर्ण भिस्त मात्र ठेवू नये. पोलिसांकडे किंवा बालशोषण नोंदींत आधीच नोंद असेल तरच ती प्रमाणपत्रात दिसते. खरं संरक्षण खोलीत आहे : प्रत्येक वर्गात नात्यात नसलेले दोन प्रौढ, दाराला काच, आणि एका मुलासोबत एकटा प्रौढ कधीही नाही. नवराबायको दोन धरायचे नाहीत. नवीन आलेला माणूस निदान सहा महिने मंडळीत वावरल्याशिवाय मुलांच्या वर्गात नेमायचा नाही. हायस्कूलची मुलं सेवेच्या तासांसाठी आनंदाने मदतीला येतात, लहानांना ती आवडतात, पण दोन प्रौढांच्या हिशेबात त्यांना धरता येत नाही. भारतातून आलेल्या आजी गोष्ट सांगायला जरूर याव्यात, पाहुण्या म्हणून, आणि दोन्ही जबाबदार प्रौढ खोलीत असताना.

दुसरा प्रौढ आलाच नाही तर? तर तो वर्ग त्या रविवारी भरवायचा नाही. मुलं उपासनेत आईवडिलांजवळ बसतील, थोडी चुळबुळ करतील, आणि मंडळीला कळेल की माणूस खरोखर कमी आहे. आमच्याकडे असं घडलं तेव्हा काही पालक रागावले. पण वर्ग बंद ठेवण्याची तयारी नसेल तर दोन प्रौढांचा नियम कागदावरच राहतो.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझी मागणी अशी. या गणपतीत मराठी शाळेचं आवाहन व्यासपीठावरून करू नये. त्याआधी जुलैतच प्रत्येक वर्गासाठी कोणती कामं, किती वेळ आणि कोणत्या तारखेपर्यंत याची यादी करावी, आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने तीन घरी स्वतः जाऊन विचारावं. प्रमाणपत्रांच्या प्रती ठेवण्याचं काम शाळेत न शिकवणाऱ्या एका व्यक्तीकडे द्यावं. सप्टेंबरपर्यंत दोन-दोन प्रौढ मिळाले नाहीत तर ज्या वर्गांना मिळाले तेवढेच सुरू करावेत, आणि बाकीच्या पालकांना तसं पत्राने कळवावं.