उसना बर्फ आणि आपले चांदणे

नाताळ जवळ आला की आपल्या पुणे शहरातील धर्मग्रामांच्या आवारात आणि घराघरांतील गोठ्यांमागे एकच चित्र उभे राहते. पडद्यावर गडद निळी रात्र, क्षितिजालगत वाटोळा चंद्र, बर्फाने वाकलेले सूचीपर्णी वृक्ष आणि दूरवर टोकदार मनोऱ्याचे एक चर्च. पडद्याच्या पायथ्याशी पांढराशुभ्र थर. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा तरी हा बर्फ वितळेल अशी आशा होती. परंतु त्याची जागा कापसाने घेतली आणि बर्फ होता तेथेच राहिला.

आमची तक्रार चंद्राविषयी नाही, हिवाळ्याविषयी नाही आणि त्या चित्रातील उदास, गंभीर शांततेविषयी तर मुळीच नाही. हिवाळ्यातील चांदण्या रात्रीचे निसर्गचित्र हा ख्रिस्तजन्माच्या चिंतनाला अत्यंत अनुरूप विषय आहे, असेच आम्ही मानतो. तक्रार एवढीच आहे की आपण रंगवतो ती रात्र आपली नाही. जी रात्र आपण कधी पाहिलेली नाही, तिचे चित्र आपण वर्षानुवर्षे गिरवीत आहोत आणि त्या गिरवण्यालाच भक्ती समजत आहोत.

यावर पहिले उत्तर मिळते ते परंपरेचे. बर्फातील बेथलेहेम ही जुनी ख्रिस्ती परंपरा आहे, असे सांगितले जाते. मग या परंपरेकडे जरा नीट पाहू. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराने 1566 साली ‘बेथलेहेममधील शिरगणती’ हे चित्र रंगविले. ते आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात बेथलेहेम म्हणून जे गाव दिसते ते ब्रूगेलच्या स्वतःच्या मुलखातील आहे. गोठलेली तळी, बर्फात खेळणारी मुले, सरायीसमोर जमलेली माणसे आणि त्या गर्दीत, कोणाचेही लक्ष नसताना, गाढवावर बसून चाललेली पवित्र मरिया. ब्रूगेलने बर्फ रंगविला, कारण त्याच्या दारासमोर बर्फ पडत होता. त्याच्यानंतरच्या शतकात आर्त फान देर नेर या डच चित्रकाराने गोठलेले कालवे रंगविले आणि चांदण्यातील पाणीही रंगविले, कारण त्याच्या देशातील हिवाळा तसा होता. या चित्रकारांचे अनुकरण करायचे तर त्यांचा बर्फ उचलायचा की त्यांची दृष्टी? आपण बर्फ उचलला आणि दृष्टी तेथेच ठेवून आलो.

गोठ्याची परंपरा तर याहून जुनी आहे. 1223 साली संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो या गावी पहिला गोठा मांडला, तो जिवंत बैल, जिवंत गाढव आणि गव्हाणीतले गवत यांच्यासह. भोवतीची माणसे त्याच परिसरातील होती. बेथलेहेमची यात्रा घडणार नाही अशा गरीब माणसांना आपल्याच गावात बेथलेहेम दिसावे, हा त्यामागील हेतू होता. उलट, ज्या नाताळकार्डांवरून आपले पडदे उतरविले जातात, त्यांतील पहिले छापील कार्ड 1843 साली लंडनमध्ये निघाले आणि त्यावर बर्फ नव्हताच. जेवणाच्या मेजाभोवती बसलेले एक कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्ये होती. तेव्हा ज्याला आपण परंपरा म्हणतो, तो बराचसा छापखान्याने पाडलेला पायंडा आहे.

आता आपल्या रात्रीकडे वळू. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या नेमका समोर असतो. म्हणून हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकला की पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे सरकतो. मार्गशीर्षातील पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास तो पुण्याच्या जवळजवळ माथ्यावर असतो. युरोपातील उत्तरेकडच्या कोणत्याही देशात तो इतका वर कधीच येत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. कार्डावरच्या रात्रीत झाडांच्या सावल्या लांबच लांब पसरलेल्या असतात. आपल्या मध्यरात्री त्या झाडाच्या पायाशी गोळा होतात. प्रकाश बाजूने न येता वरून येतो. डोक्यावर पदर घेतलेल्या आईच्या चेहऱ्यावर त्या पदराची छाया पडेल आणि मांडीवरच्या बाळाच्या चेहऱ्यावर चांदणे पडेल. असे चित्र आपल्या आकाशाखाली आपोआप जुळून येते. ते कोणी रंगविलेले आमच्या पाहण्यात नाही.

चांदणे रंगविणे सोपे नाही, हे मान्य. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. एवढ्या अंधूक उजेडात डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत; लाल काळवंडतो, निळा त्या मानाने उजळ वाटतो. एकोणिसाव्या शतकात पुरकिने या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदविले. म्हणजे चांदण्याचा निळेपणा चंद्रात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. म्हणूनच येथे नक्कल कामाची नाही. अंधारात अर्धा तास स्वस्थ उभे राहावे लागते, तेव्हा कोठे डोळे रात्रीला सरावतात. मग काय पाहिले ते मनात साठवून दुसऱ्या दिवशी रंगवावे लागते. हा अर्धा तास म्हणजे एक प्रकारची प्रार्थनाच आहे. कार्ड समोर ठेवून पडदा रंगविणाऱ्याला ती कधीच घडत नाही.

आणि पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील तर त्याने डिसेंबरात शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर जावे. मुळा-मुठेच्या पाण्यावर पहाटे धुके साचलेले असते. टेकड्यांवरचे गवत वाळून पांढुरके झालेले असते आणि चांदण्यात ते जवळजवळ चमकते. पाने झडलेल्या सालईच्या फिकट फांद्या आकाशावर रेखल्यासारख्या दिसतात. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी येशूबाळाला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले, हे आपण जाणतो. सालई ही त्या उदाच्या झाडाची जवळची बहीण. दोन्ही एकाच प्रजातीतील, आणि सालईचा डिंकही धूप म्हणून जाळतात. ती आपल्या टेकडीवर उभी असताना आपण सूचीपर्णी वृक्ष कशासाठी आणावेत?

मेंढपाळांचे तर बोलायलाच नको. दिवाळीनंतर पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या कोरड्या भागातील धनगर आपले कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. वाटेत शेतकरी खतासाठी त्यांचे कळप आपल्या रिकाम्या शेतात बसवून घेतात. मेंढ्या वाघरीत कोंडलेल्या, बाजूला शेकोटी, खांद्यावर घोंगडी आणि लांडग्याच्या भीतीने जागणारी माणसे. संत लूकने वर्णिलेली रात्र आपल्या जिल्ह्यात अजूनही घडते. आपल्या गोठ्यांत मात्र मेंढपाळ झगे घालून आखडी काठी धरतात आणि खरा मेंढपाळ रस्त्याने गेला तर त्याच्या कळपामुळे वाहतूक खोळंबली म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो.

दुसरा आक्षेप असा की बर्फ हे केवळ प्रतीक आहे, त्याने कोणाचे काय बिघडते? आमच्या मते पुष्कळ बिघडते. चित्रस्पर्धेत बर्फाच्या चित्राला बक्षीस मिळते आणि टेकडी, शेत, बाभूळ रंगविणाऱ्या मुलाला हा नाताळ वाटत नाही असे सांगितले जाते, तेव्हा ते मूल एक धडा शिकते. पवित्र गोष्टी दुसरीकडे घडतात, आपल्या गल्लीत नाहीत, हा तो धडा. देवाने माणसाचे शरीर धारण करून एका विशिष्ट गावी, विशिष्ट रात्री जन्म घेतला, ही आपली श्रद्धा आहे. तिच्या नेमके उलट आपण मुलांना शिकवावे, हे प्रतीकाच्या नावाखाली खपवून घेण्याजोगे नाही.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. असे देशी चित्र काढले की आपला वेगळेपणा पुसला जाईल. आणि जे आपल्याला परके म्हणतात, त्यांच्यापुढे आपण वाकलो असे होईल. या भीतीची आम्ही थट्टा करणार नाही. परंतु पुण्यातील ख्रिस्ती समाजाने आपले येथीलपण कोणाकडे सिद्ध करावे? क्वार्टर गेटजवळचे आपले जुने सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1792 साली, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. त्याच्याही आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले गेले. शब्दांनी जे चारशे वर्षांपूर्वी केले ते कुंचल्याने करायला कोणाचे भय आहे?

आणि कुंचल्यानेही ते केलेले आहे, याच शहरात. 1902 साली गोव्यात जन्मलेले अँजेलो द फोन्सेका यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून चित्रकला धरली आणि अवनींद्रनाथ ठाकूरांचे शिष्यत्व पत्करले. गोव्यात परतल्यावर त्यांच्या साडीतील सावळ्या मरियेवर स्वकीयच रागावले. त्यानंतर त्यांनी शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर चित्रे काढली आणि 1967 साली ते निवर्तले. त्यांच्या हयातीतच, 1963 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले होते की ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेला आहे. पुण्यातील आपल्या किती घरांत त्यातील एका चित्राची तरी प्रत आहे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. धर्मग्रामांच्या गोठास्पर्धांत या वर्षापासून देखाव्यातील बर्फाला गुण देऊ नयेत. 25 डिसेंबरलाच पौर्णिमा येण्याची वाट पाहू नये. तशी ती 1977 आणि 2015 साली आली होती, आणि पुन्हा 2034 साली येईल. दरवर्षी आगमनकाळाच्या आगेमागे जी पौर्णिमा येईल त्या रात्री धर्मशिक्षणाच्या मुलांना पालकांसह शहराबाहेरच्या एखाद्या शेतावर न्यावे, सारे दिवे मालवावेत आणि अर्धा तास कोणी काही बोलू नये. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती कागद आणि रंग द्यावेत. जे चित्र येईल तेच गोठ्यामागे लावावे, मग ते कितीही ओबडधोबड असो.